मुलाखतीआधीचा सत्कार

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

परवा फोनवर तुमच्यातल्या मोठीनं मला दबक्या आवाजात सांगितलं, की तिनं पीएच.डी.साठी चार-पाच विद्यापीठांत अर्ज केले आहेत, एका ठिकाणी मुलाखत ठरली आहे, आणि शिष्यवृत्ती मिळाली तरच ती जाणार आहे. मग म्हणाली, "आजी, कुणाला सांगू नकोस हं. अजून काहीच नक्की नाही." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि एकटीच इतकी हसले की तुमचे आजोबा हातातला पेपर टाकून बघायला आले. त्यांना कारण सांगितलं तर तेही हसायला लागले. (आजोबांना सांगणं म्हणजे कुणाला सांगणं, असं मी धरत नाही. तसं धरायला हवं होतं, हे पुढे कळेलच.)

हसण्याचं कारण तुम्हाला ठाऊक असायला हवं, आणि ते सांगायला ही वेळ बरी आहे. माझं शिक्षण सगळं इंग्रजीतून झालं, त्यामुळे हे इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं आणि वाचणं तुम्हाला. पण या गोष्टीतली माणसं इंग्रजी बोलायला लागली की ती माझ्या ओळखीची राहात नाहीत. तेव्हा आईला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. भाऊजींची, म्हणजे माझ्या दिरांची, वाक्यं तिला छान जमतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कराडच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवत होते. पीएच.डी. करायचं लग्नाआधीपासून मनात होतं, आणि दर वर्षी काहीतरी मध्ये यायचं: तुमच्या आईचा जन्म, सासूबाईंचं आजारपण, तुमच्या मामाची दहावी. शेवटी एक दिवस नोटीस बोर्डावर एक परिपत्रक लागलं. दिल्लीहून महाविद्यालयीन शिक्षकांसाठी शिष्यवृत्ती होती. निवड झाली तर संशोधनासाठी तीन वर्षं भरपगारी रजा मिळायची, आणि आपल्या जागी जो शिकवील त्याचा पगार दिल्ली द्यायची. आमच्यासारख्यांना याहून चांगलं काही मिळण्यासारखं नव्हतं. नोकरी सोडून पीएच.डी. करणं घरात परवडणारं नव्हतं, आणि रोज चार तास घेऊन ती करणारे मी पाहिले होते. त्यांची पीएच.डी. त्यांच्याबरोबरच निवृत्त व्हायची.

या योजनेला वयाची अट होती. पुढच्या जूनमध्ये मी ती ओलांडणार होते. म्हणजे मिळाली तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

माझा विषय होता आठवडी बाजार. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कुठल्या वारी कुठे बाजार भरतो, का भरतो, एका बाजारातली माणसं दुसऱ्या बाजारात कशी जातात. सांगलीचे एक प्राध्यापक मार्गदर्शक व्हायला तयार झाले, कारण त्यांचा एक विद्यार्थी नुकताच कंटाळून निघून गेला होता आणि जागा रिकामी होती. बाकी कुणालाच विषय पसंत नव्हता. आमचे प्राचार्य म्हणाले, "बाई, बाजारावर संशोधन? पिशवी घेऊन जायचं आणि भाजी आणायची, यात संशोधन काय?" आजोबा म्हणाले, "एक फायदा आहे. भाजी ताजी येईल."

अर्ज गेला, आणि काही आठवड्यांनी मुलाखतीचं पत्र आलं. त्या वर्षी मुलाखती विद्यापीठात न घेता सांगलीला विश्रामबागेतल्या एका महाविद्यालयात ठेवल्या होत्या, महिनाभरानं. मी ठरवलं, कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. फक्त आजोबांना सांगितलं. आजोबांनी फक्त त्यांच्या धाकट्या भावाला सांगितलं.

हे भाऊजी म्हणजे तुमचे चुलत आजोबा. फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, मलकापूरच्या पलीकडे आमच्या गावी ऊस बघायचे आणि गावातल्या प्रत्येक कामात पुढे असायचे. माझ्यावर त्यांचा फार जीव. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पुण्याची, तरी त्यांच्या घरात नांदले, याचं त्यांना कायम कौतुक होतं. मी काही पराक्रम केला की त्याचं श्रेय ते अर्धं मला द्यायचे, अर्धं गावाला.

त्याच सुमारास गावात पाण्याची नवी टाकी झाली होती. तिच्या उद्घाटनाला यायचंच, असा भाऊजींचा निरोप आला म्हणून एका बुधवारी आम्ही गेलो. मांडव, सतरंज्या, कर्णा, आणि साखर कारखान्याचे एक संचालक प्रमुख पाहुणे. टाकीचा नळ सोडला, पाणी आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सत्कार सुरू झाले.

तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. आमच्याकडे मांडव घातलेला असला आणि पाहुणा आलेला असला की तो नुसता टाकीसाठी वापरणं म्हणजे नासाडी समजतात. मग जो कुणी सापडेल त्याचा सत्कार उरकून घेतात. त्या दिवशी पलटणीतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांचा झाला, दहावीत पहिल्या आलेल्या मुलीचा झाला, मग शर्यतीत पहिल्या आलेल्या बैलाचा झाला. बैलाला मांडवात आणून त्याच्या पाठीवर शाल घातली. तो जात असतानाच कर्ण्यातून माझं नाव आलं.

"आणि आता, आपल्या गावच्या सूनबाई, दिल्लीची शिष्यवृत्ती मिळवून गावाचं नाव देशात नेणाऱ्या..."

मी भाऊजींना गाठलं. ते व्यासपीठाच्या पायरीशीच उभे होते.

"भाऊजी, अहो काय हे? अजून मुलाखत व्हायची आहे!"

"व्हय की. मला ठावं हाय."

"मग?"

"आवं वैनी, मांडव आज हाय. पाव्हणं आज हायती. तुमची मुलाखत झाल्यावर मी पाव्हणं कुठनं आणू? निम्मं काम झालंय न्हवं? निम्म्याचा सत्कार आज घ्या, ऱ्हायलेल्या निम्म्याचा मग बघू."

"आणि मिळाली नाही तर?"

"तुमाला? तुमाला न्हाई द्यायची तर काय बैलाला देत्यात? चला वर, पाव्हणं खोळंबल्यात."

मला वर जावं लागलं. पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला. मी मनाशी ठरवलं, आता स्वच्छ सांगून टाकायचं. माईक हातात घेतला आणि म्हणाले, "माझी निवड झालेली नाही. फक्त मुलाखतीला बोलावलं आहे. हा सत्कार चुकून होतो आहे."

मग प्रमुख पाहुण्यांनी माझ्या हातातून माईक घेतला.

"बघा मंडळी! याला म्हणतात विनय!"

त्या दिवशी सगळ्यात मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या. टाकीलाही तेवढ्या पडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे कराडचा बाजार. गावातल्या बायका गाडी भरून बाजाराला आल्या. दुपारी मी विषयाच्या निमित्तानं आणि थोडी भेंडी घ्यायला म्हणून गेले, तर बांगड्या विकणाऱ्या एका बाईनं मला लांबूनच हाक मारली. ती दर गुरुवारी कराडला बसायची आणि उरलेले दिवस वेगवेगळ्या गावच्या बाजारांत. माझ्या टिपणांसाठी मी तिला महिनोन्महिने प्रश्न विचारून हैराण केलं होतं.

"आवं बाई! डाक्टर झाला म्हनं! आन मला बोलला न्हाईसा!"

"नाही हो, अजून काहीच झालेलं नाही."

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. दिष्ट लागंल म्हून सांगत न्हाईसा. हात आना हिकडं. आज पैसं न्हाई घ्यायची."

कालपर्यंत मी शिष्यवृत्ती मिळवलेली होते. एका रात्रीत आणि एका बाजारात डॉक्टर झाले होते. हिरव्या बांगड्या भरून घरी आले तर आजोबा म्हणाले, "भेंडी?" भेंडी विसरले होते.

शनिवारी एका स्थानिक पेपरात चार ओळी आल्या. सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. समोर कात्रण.

"बाई, मला पेपरातून कळावं?"

"सर, ती बातमी खरी नाही. मुलाखत अजून..."

"आता लपवण्यात काय अर्थ आहे?" ते प्रसन्न होते. "मी तर एक तारखेपासून तुम्हाला कार्यमुक्त करायची तयारी केलीय. वेळापत्रक नवीन लावलं. तुमच्या जागी नेमणूकही ठरवून टाकली. वेळेवर केलेलं बरं."

ही नेमणूक म्हणजे आमच्याच विभागातल्या एक तरुण बाई. कित्येक वर्षं तासाच्या पैशांवर शिकवत होत्या, इथे दोन तास, तिथे एक तास, एस.टी.च्या मागे धावत. त्यांना पहिल्यांदाच तीन वर्षांची पूर्ण नेमणूक मिळत होती. त्या उत्साहात त्यांनी दुसऱ्या महाविद्यालयातले तास सोडूनही दिले. स्टाफरूममध्ये आले तर माझ्या टेबलावर त्यांची पाण्याची बाटली, बडीशेपेचा डबा आणि पेढे.

"मॅडम, तुमच्यामुळे झालं हो," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "आणि तुमची खुर्ची किती छान आहे!"

त्या पेढ्यानं मला घाम फुटला. आतापर्यंत शिष्यवृत्ती न मिळाली तर फक्त माझी शोभा होणार होती. आता या बाईंचं पोट त्यावर अवलंबून होतं. पेढा मला खाववेना. घरी आणला. आजोबांनी खाल्ला आणि चांगला आहे म्हणाले.

त्याच संध्याकाळी साताऱ्याहून तुमच्या आत्याआजींचा फोन आला.

"अगं, दिल्लीला बदली झाली तुझी आणि मला घोंगडीवाल्याकडून कळायचं?"

"वन्सं, बदली नाही. काहीच नाही. घोंगडीवाल्याला कुणी सांगितलं?"

"मला काय ठाऊक! रविवारच्या बाजारात घोंगडी बघत होते, तर म्हणाला, कराडच्या भूगोलवाल्या बाई दिल्लीला चालल्या. आमच्या भिशीच्या बायकांनी तुझा सत्कार ठरवलाय. शाल आणलीसुद्धा."

"परत करा."

"शाल परत घेत नाहीत गं."

फोन ठेवला आणि मी बसून राहिले. रडावं असं वाटत होतं. पण मला रडण्याआधी आवराआवर करायची सवय आहे. मी भूगोलाची होते, समोर दोन जिल्ह्यांचा नकाशा पसरलेला होता, आणि घोंगडीवाला कराडहून साताऱ्याला कसा जातो हे मला तोंडपाठ होतं. गुरुवारी तो कराडच्या बाजारात त्या बांगडीवालीच्या शेजारीच बसायचा. ती दक्षिणेला तासगाव-सांगलीकडे जायची, तो उत्तरेला. मी नकाशावर ट्रेसिंग कागद ठेवला आणि साताऱ्यावर एक टिंब काढलं.

त्यानंतर जो कुणी अभिनंदन करील त्याला मी एकच विचारायला लागले: कुठे ऐकलंत, कुणाकडून, आणि नेमकं काय ऐकलंत? लोकांना वाटायचं, बाईंना स्तुती पुन्हा ऐकायला आवडते. मी टिंबं काढत गेले. हळूहळू एक गंमत दिसायला लागली. गाव जितकं लांब, तितकी माझी प्रगती जास्त. गावाच्या शिवारात माझी नुसती निवड झाली होती. कराडात मी डॉक्टर होते. साताऱ्यात दिल्लीला बदली. तासगावच्या बाजूला मी अमेरिकेला चालले होते. डोंगराच्या नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं रेषेनं जोडतात, तशा मी सारख्या थापेच्या रेषा जोडल्या. त्या अगदी सुबक आल्या. जिथे बाजार नाही तिथे त्या तुटत होत्या. शेजारशेजारची दोन गावं असली आणि त्यांचे बाजाराचे रस्ते वेगळे असले, तर एकात मी अमेरिकेत होते आणि दुसऱ्यात मला कुणी ओळखतही नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी एस.टी.नं सांगलीला गेले. विश्रामबागेतल्या त्या महाविद्यालयात बाकावर आम्ही सात-आठ जण वाट बघत होतो. माझा नंबर आला. आत समितीचे तीन प्राध्यापक होते. मधले अध्यक्ष, बरेच वयस्कर, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांच्यापुढे माझा अर्ज होता आणि अर्जावर ते कात्रण टाचलेलं होतं. कुणी पाठवलं देव जाणे.

"बसा," अध्यक्ष म्हणाले. "आपला सत्कार झालेला दिसतो."

"हो सर."

"मग आता आम्ही काय करायचं? नारळ द्यायचा?"

डावीकडचे प्राध्यापक हसले. उजवीकडचे, जे सांगलीचेच होते पण माझे मार्गदर्शक नव्हेत, ते खिडकीतून खाली डोकावून बघत होते.

"सर, ते माझ्या दिरांनी केलं. मी माईकवरून खरं सांगितलं. कुणी ऐकलं नाही."

"असो. आपला विषय." त्यांनी कागद उलटला. "आठवडी बाजार. बाई, स्पष्ट बोलतो. हा सहलीचा विषय वाटतो. बाजार म्हणजे माल येतो, माल जातो. त्यात शोधण्यासारखं नवं काय?"

मी महिनाभर या प्रश्नाचं उत्तर पाठ केलं होतं. मोठं, तळटिपांसकट. ते सगळं विसरले. समोर ते कात्रण दिसत होतं, स्टाफरूममधला पेढा आठवत होता. मी पिशवीतून ट्रेसिंग कागद काढला आणि त्यांच्या टेबलावर पसरला.

"नुसता माल जात नाही सर. हे बघा, मीच गेले."

मग टिंबं दाखवली, वार दाखवले, बांगडीवालीचा रस्ता आणि घोंगडीवाल्याचा. थापेच्या रेषा दाखवल्या. अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला आणि उभे राहून नकाशावर वाकले.

"इथे अमेरिका?"

"हो सर. आणि इथे, अलीकडच्या गावात, काहीच नाही. कारण यांचा बाजार पलीकडे भरतो."

उजवीकडचे सांगलीचे प्राध्यापक खिडकीपासून वळले. ते खाकरले.

"बाई, एक विचारू? आपली मोटार कुठे लावलीत?"

"मोटार? मी एस.टी.नं आले सर."

"नाही, म्हणजे..." ते लाजले. "आमची ही शनिवारी बाजारातून आली, ती सांगत होती. कराडच्या कुणी बाई आहेत, अमेरिकेहून शिकून आल्यात, सरकारनं त्यांना संशोधनासाठी मोटार दिलीय, ड्रायव्हरसकट. मी म्हटलं, बघू तरी कुठली."

"कुणी सांगितलं त्यांना, सर?"

"बांगडीवालीनं."

मी पेन्सिल काढली आणि सांगलीवर टिंब काढलं. शेजारी लिहिलं: मोटार. माझी सर्वांत बाहेरची रेषा तिथे पूर्ण झाली. डावीकडच्या प्राध्यापकांना हसू आवरेना, त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

अध्यक्ष मात्र हसत नव्हते. त्यांनी विचारलं, "आणि खरी बातमी? तुम्ही नाही-नाही म्हणत होतात ती? ती कुठवर गेली?"

"ती माझ्या घराबाहेर गेली नाही, सर. महिनाभर प्रत्येकाला सांगितलं. तिला एकही टिंब नाही."

"का?"

"ते अजून मला माहीत नाही. त्यासाठी तीन वर्षं लागतील."

ते खाली बसले. त्यांनी अर्जावरचं कात्रण टाचणी काढून सोडवलं, माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "हे राहू द्या तुमच्याकडे. प्रबंधाला परिशिष्ट म्हणून लागेल."

पत्र यायला बरेच दिवस गेले. मला खात्री नव्हती, आणि तोवर एक तारीख उलटून गेली. प्राचार्यांनी मला कार्यमुक्त केलंच होतं, त्यामुळे माझे सगळे तास त्या तरुण बाई घेत होत्या आणि मी ग्रंथालयात, कुठल्याच वेळापत्रकात नसलेली, बसत होते. अखेर पत्र आलं. निवड झाली होती. त्या बाईंच्या हातात मी पत्र दिलं तेव्हा त्यांनी ते वाचून शांतपणे परत केलं. "हो ना मॅडम, ते तर झालंच होतं." त्यांना कधी कळलंच नाही की महिनाभर त्या कशावर बसल्या होत्या. मी सांगितलंही नाही. त्या दिवशी मी त्यांच्या डब्यातली बडीशेप मागून खाल्ली.

तेच पत्र घेऊन गावी गेले. भाऊजी मळ्यात होते.

"भाऊजी, झालं! शिष्यवृत्ती मिळाली!"

"व्हय, ते मागंच झालं की."

"नाही हो, आता खरंच मिळाली."

"मंग तवा काय खोटा सत्कार केला व्हय आमी?"

पुढे तीन वर्षं मी बाजार हिंडले, मग वर्षभर प्रबंध लिहिला, तोंडी परीक्षा दिली आणि खरोखरीची डॉक्टर झाले. त्या दिवशी कुणी फोन केला नाही, कुणी पेढे आणले नाहीत. बांगडीवाली म्हणाली, "आजून शिकताच व्हय?" मी भाऊजींना आठवण करून दिली, की राहिलेल्या निम्म्याचा सत्कार अजून व्हायचा आहे.

त्यांनी विचार केला.

"वैनी, येकाच कामाचा दोनदा कसा करायचा? मानसं काय म्हंतील? बैलाचा बी येकदाच केला."

तर मोठे, तुझी मुलाखत नीट होऊ दे. मी कुणाला सांगितलेलं नाही. आजोबांनाही बजावलं आहे. तरी काल गुरुवारी बाजारात भाजीवालीनं विचारलं, "नात परदेशात सायबीन झाली म्हनं?" मी तिला एवढंच विचारलं, की कुठे ऐकलंस.

टाकीच्या उद्घाटनानंतर भाऊजींनी पेंटरकडून एक पत्र्याचा बोर्ड रंगवून गावच्या फाट्यावर लावला होता. वर मोठं 'हार्दिक अभिनंदन', मध्ये माझं नाव, खाली त्याच्या दुप्पट अक्षरांत शुभेच्छुक म्हणून त्यांचं. भाऊजी जाऊन आता काही वर्षं झाली. पत्रा मळ्यातल्या पंपाच्या खोलीच्या खिडकीला ठोकलेला आहे. माझं नाव गंजून गेलं आहे. अभिनंदन आणि भाऊजींचं नाव अजून वाचता येतं.